कोणीतरी केलंय

मराठीतला 'करणी' हा शब्द 'करणे' या साध्या क्रियापदातून आला. उर्दूतला 'साज़िश' फारसीतून आला, आणि त्याच्याही मुळाशी बनवणं, जुळवणं हाच अर्थ आहे. घड्याळ दुरुस्त करणारा 'घड़ीसाज़' त्याच घरातला. 'षड्यंत्र' या शब्दाची एक व्युत्पत्ती तर जारण-मारण-उच्चाटन अशा सहा तांत्रिक प्रयोगांशी जोडली जाते. तिन्ही शब्दांच्या पोटात एकच वाक्य दडलेलं आहे : हे आपोआप झालेलं नाही, कोणीतरी केलंय.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे असे शब्द मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवते. पण या तीन शब्दांची सोयरीक मला शब्दकोशाआधी मोहल्ल्यात कळली. लहानपणी कोणाचा ताप उतरेना झाला की शेजारच्या खाला आवाज बारीक करून म्हणायच्या, "किसी ने कुछ कर दिया है." पलीकडच्या गल्लीत त्याच तापाला 'बाहेरचं' म्हणत. इकडे तावीज यायचा, तिकडे लिंबू उतरवलं जायचं. भाषा वेगळी, उपाय वेगळा, निदान मात्र तंतोतंत एक. आणि दोन्ही गल्ल्यांत पुढचा प्रश्नही एकच असायचा : कोणी केलं असेल?

आज मोबाइलवर येणाऱ्या गोष्टी वाचताना मला त्या खाला आठवतात. चंद्रावर माणूस गेलाच नाही. टॉवरमुळे कोरोना पसरतो. लसीतून अंगात काहीतरी सोडतात. शिकलेले लोक याला मोठं नाव देतात, पण मला ती आमच्या जंगलपट्ट्यातली जुनी करणीच वाटते. लिंबाच्या जागी लस आली, आणि शेजारणीच्या जागी एखादी कंपनी, एखादं खातं किंवा अख्खी जमात आली, एवढाच फरक.

करणी म्हटलं की काही वाचकांना हसू येईल. आमच्याकडे ती हसण्याची गोष्ट नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात, भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारलं. त्यात म्हातारी माणसं होती, बाया होत्या. २०२४च्या १ मे रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, बारसेवाडा इथं, जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष अशा दोघांना जाळून मारलं. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालीच झालेला आहे. तो होण्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी पुण्यात खून झाला. कायदा झाला, पण 'कोणी केलं?' हा प्रश्न कायद्यानं बंद होत नाही. ज्या गावात मूल का दगावलं हे सांगणारा डॉक्टर वेळेवर पोचत नाही, तिथं ते सांगणारा दुसरा कोणीतरी आधीच बसलेला असतो. त्याच्याकडे कारण नसतं, नाव असतं. आणि दुःखात बुडालेल्या माणसाला कारणापेक्षा नाव लवकर समजतं.

आता आमच्या सावलीची गोष्ट. मूलकडून गडचिरोलीकडे जाताना वाटेत लागणारं हे गाव. महात्मा गांधी १९३६ साली गांधी सेवा संघाच्या अधिवेशनासाठी इथं येऊन राहिले होते, ही आमची जुनी ओळख. आजची ओळख वाघाची आहे. सावली, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी या पट्ट्यात वाघानं माणूस मारल्याची बातमी आता वर्षातून एकदा येणारी बातमी राहिलेली नाही. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायांना एकाच वेळी वाघानं मारलं. असं काही झालं की बसमध्ये, पानठेल्यावर, पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. एका विद्यार्थिनीच्या आजीनं ते मला फार ठामपणे सांगितलं होतं : "वाघ काय आपल्या मनानं येते का जी, मॅडम? आणून सोडते ते लोक."

ते लोक म्हणजे वनखातं.

ही गोष्ट खरी का वाटते, हे बघण्यासारखं आहे. वाघ हलवले जातात, हे खरंच आहे. २०२३च्या मे महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या दोन वाघिणी नेऊन नागझिऱ्यात सोडल्या. २०२४च्या अखेरीस ताडोब्याच्या दोन वाघिणी ओडिशातल्या सिमिलीपालला पाठवल्या. त्यातली 'झीनत' तिथून निघून झारखंड ओलांडून बंगालपर्यंत गेली आणि बांकुड्यात पकडली गेली. म्हणजे पिंजरा, गाडी, बेशुद्ध केलेला वाघ, हे सगळं लोकांनी पाहिलेलं किंवा वाचलेलं आहे. फक्त या जाहीर झालेल्या मोहिमांत वाघ इथून बाहेर गेले. अफवेनं गाडी तीच ठेवली आणि तिचं तोंड उलटं फिरवलं.

वाघ वाढले, हेही खरं आहे. महाराष्ट्रात २०१४च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ झाले आणि २०२२ मध्ये ४४४. बछडा साधारण दोन वर्षांचा झाला की आईला सोडून स्वतःची जागा शोधू लागतो. ताडोब्यात जागा भरली की तो बाहेर पडतो. आणि बाहेर काय आहे? धानाच्या बांध्या, झुडपी जंगल, नाले, तलाव, रानडुकरं आणि गुरं. त्याच्या दृष्टीनं आमचा तालुका म्हणजे मोकळं घर. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपानं तोडायला माणसं पहाटेच जंगलात जातात, वाकून काम करतात. इतकं सगळं जुळून आल्यावर वाघ कोणी आणून सोडायची गरज उरत नाही.

मग आजीला हे उत्तर का पटत नाही? मला वाटतं, या उत्तरात रागवायला कोणी नाही, म्हणून. वाघाची पिल्लं मोठी झाली याचा जाब कोणाला विचारणार? 'आणून सोडला' म्हटलं की समोर एक माणूस उभा राहतो, गणवेशातला. त्याच्यावर ओरडता येतं. शिवाय ज्या बाईला सरकारी कचेरीत कोणी खुर्ची देत नाही, तिच्याकडे अचानक एक अशी माहिती येते जी साहेबापाशी 'असूनही तो लपवतो'. गरिबाला एवढ्या स्वस्तात मिळणारा मोठेपणा दुसरा नाही. साहेब नाही म्हणाला, तर गोष्ट आणखी पक्की होते. तो नाही म्हणणारच ना.

पण या गोष्टीचा खरा फायदा कोणाला होतो? "वाघ तुम्ही सोडले" असा आरोप झाला की खात्याला एवढंच म्हणावं लागतं की नाही सोडले. ते खरंच असतं, आणि विषय तिथंच संपतो. "आमच्या पोरी संध्याकाळी अंधारातून शाळेतून येतात, रस्त्यावर दिवे कधी लागतील? नुकसानभरपाईचा कागद कुठं अडला? मजुरी बुडू न देता तेंदूच्या हंगामात सोबतीला माणसं कोण देणार?" या प्रश्नांना 'नाही' हे उत्तर चालत नाही. म्हणून मला वाटतं, षड्यंत्राची गोष्ट दिसते सत्तेच्या विरुद्ध, पण पडते सत्तेच्याच पथ्यावर. खऱ्या तक्रारीची ती हवा काढून घेते.

इथवर वाचून माझ्या मोहल्ल्यातले वाचक मान डोलवत असतील. आता जरा आपल्या अंगणात येऊ.

पोलिओच्या थेंबांनी मुलं पुढे नापैदा होतात, मुसलमानांची लोकसंख्या कमी करायचा हा डाव आहे, हे आपल्यातल्या किती जणांनी ऐकलं होतं? मी तरी भरपूर ऐकलं. २००२ साली देशात पोलिओचे सुमारे १,६०० रुग्ण सापडले, त्यातले बाराशेच्या वर एकट्या उत्तर प्रदेशात, आणि त्यात मुस्लिम मुलांचं प्रमाण मोठं होतं. त्या मुलांचे पाय अफवेमुळे गेले असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. घाणीचं पाणी आणि अपुऱ्या दवाखान्यांचाही त्यात वाटा होता. पण बंद केलेल्या दारांचाही होता.

ही अफवासुद्धा हवेतून आली नव्हती. आणीबाणीत १९७६-७७च्या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, कितीतरी जबरदस्तीनं. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं राज्य आपलं महाराष्ट्रच होतं; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. ज्यांच्या अब्बांना गाडीत घालून नेलं होतं, त्यांच्या दाराशी वीस-पंचवीस वर्षांनी सरकारचा माणूस औषध घेऊन, फुकट, पुन्हा पुन्हा येऊ लागला. तापाची गोळी मागितली तर मिळत नाही, पण हे थेंब मात्र घरपोच. संशय येणार नाही तर काय? तो संशय मूर्खपणाचा नव्हता. फक्त तो चुकीच्या दारावर जाऊन बसला, आणि किंमत लेकरांनी मोजली.

ती अफवा कशी मागे हटली, हे आपण विसरू नये. नुसती पत्रकं वाटून नाही हटली. वस्तीतल्याच बाया कार्यकर्त्या म्हणून घरोघर गेल्या. मशिदींतून इमामांनी सांगितलं. अलीगढ आणि जामियातली माणसं गल्ल्यांत उतरली. थेंबांबरोबर दुसऱ्या आजारांचंही बोलणं सुरू झालं. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा इथं सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. माहिती आधीही होती. नंतर आला तो भरवसा.

त्याच्या उलट बाजूला आपण २०२० मध्ये उभे होतो. निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली आणि आठवड्याभरात एक रोग अख्ख्या जमातीचा डाव ठरला. फळांवर थुंकतात, मुद्दाम पसरवतात. आमच्या ओळखीचे एक चाचा वर्षानुवर्षं त्याच गल्ल्यांत केळी विकत होते. त्या एप्रिलमध्ये बाया त्यांना आधी नाव विचारू लागल्या. ते घरी येऊन काही बोलायचे नाहीत, काळी पडलेली केळी पोरांना वाटून टाकायचे. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं निकालात म्हटलं. निकाल वाचणारे किती आणि एप्रिलमधला व्हिडिओ बघणारे किती, याचा हिशेब तुम्हीच करा.

मला त्या दिवसांत दुःखाइतकंच एका गोष्टीचं नवल वाटलं. 'आपल्यावर' रचलेली गोष्ट किती पोकळ आहे, हे आपल्याला क्षणात दिसत होतं. पुरावा काय, व्हिडिओ कुठला, तारीख कोणती, हे सगळे प्रश्न आपल्या पोरांना बरोबर सुचत होते. आणि वर्षभरानं लसीबद्दलची गोष्ट आली, तेव्हा त्याच घरांतून, त्याच फोनवरून, एकही प्रश्न न विचारता ती पुढे गेली. दुसऱ्याची अफवा आपल्याला अफवा दिसते. आपली अफवा आपल्याला 'माहिती' वाटते. हे फक्त आपलं नाही, सगळ्यांचंच आहे. पण ज्यांनी चटका खाल्ला त्यांना आग लवकर ओळखू यावी, एवढी अपेक्षा मी आपल्याकडून करते.

कारण गोष्ट नुसती गोष्ट राहत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या बाजारात मंगळवेढ्याकडून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मुलं पळवणारी समजून जमावानं मारून टाकली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारली. त्या दिवसांत फोनवर फिरत असलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ मुळात कराचीतला, पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला. त्याचा शेवट कापून टाकला होता. ओळीनं ठेवलेल्या लेकरांच्या मृतदेहांची एक चित्रफीत तर सीरियातल्या २०१३च्या रासायनिक हल्ल्याची होती. कराचीचा व्हिडिओ, सीरियाची लेकरं, आणि मेले ते पोटासाठी गावोगाव फिरणारे भिक्षेकरी.

त्याच रात्री मालेगावातही एका कुटुंबाला जमावानं घेरलं. दोन वर्षांच्या मुलासह पाच जण होते. तिथं मोहल्ल्यातल्या काही तरुणांनी त्यांना घरात घेतलं, दार लावून घेतलं आणि पोलीस येईपर्यंत जमावाला थोपवून धरलं. ते पाचही जण वाचले. राईनपाडा सगळ्यांना माहीत आहे. मालेगावचं ते दारही माहीत असायला हवं.

आणि १६ एप्रिल २०२०. पालघरमधल्या गडचिंचलेत चोर-दरोडेखोरांच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. ती माणसं अफवेनं मेली, आणि त्यांच्या मरणावर लगेच दुसरी अफवा उभी राहिली की मारणारे मुसलमान होते. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की त्यात एकही मुसलमान नाही.

तुम्ही म्हणाल, मग जगात कट होतच नाहीत का? होतात. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएनं अबोटाबादमध्ये एका डॉक्टरला हाताशी धरून खोटी लसीकरण मोहीम चालवली होती. २०११ मध्ये ते उघड झालं. त्यानंतर पाकिस्तानात पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बाया गोळ्यांना बळी पडत राहिल्या. हा खरा कट होता, आणि त्यानं खोट्या अफवेला वर्षानुवर्षांचं खाद्य पुरवलं. पण त्या खऱ्या कटाकडे नीट बघा. त्याला एक शहर होतं, एक तारीख होती, एक ठरलेलं काम होतं, एका डॉक्टरचं नाव होतं. आणि तो फुटला. खरा कट असाच असतो : लहान, ढिसाळ, कागद मागे ठेवणारा. जो कट सगळीकडे आहे, सगळ्यांना सामील करून घेतो, शंभर वर्षं चालतो आणि कधीच कुठं चुकत नाही, तो बहुधा नसतोच. एवढी शिस्त माणसात असती तर आमच्या तालुक्याच्या बसगाड्या वेळेवर आल्या असत्या.

'अफवा' हा आपला शब्द अरबी 'अफवाह'वरून आला, आणि तिथं त्याचा अर्थ आहे 'तोंडं'. मराठीत त्याच गोष्टीला 'कर्णोपकर्णी' म्हणतात. अरबीनं तोंडं मोजली, मराठीनं कान. हात मात्र कोणीच मोजले नाहीत; म्हणजे कागद उलटून बघणारे, तारीख शोधणारे हात. मुसलमानांना तर सूरह हुजुरातमध्ये खबर तपासून घ्यायचा हुकूमच आहे, आणि त्याच सूरहमध्ये पुढे बदगुमानीपासून दूर राहायला सांगितलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तपासणं आणि दुसऱ्याबद्दल वाईट न धरणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत.

वर्गात मी मुलांना एवढंच करायला लावते. घरी आलेला एखादा संदेश वहीत उतरवून आणायचा आणि त्याखाली तीन ओळी लिहायच्या. हे कुठं आणि कधी झालं? सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलं का? आणि हे खोटं निघालं तर मला वाईट वाटेल का? तिसरा प्रश्न मुलांना आधी समजत नाही. मग एखादी मुलगी हळूच लिहिते, 'हो, वाईट वाटेल, कारण मला ते आवडलं होतं.' जी गोष्ट आपल्याला आवडली, ती दोनदा तपासायची, हा आमचा नियम.

अर्जलेखनाच्या तासाला यंदा मी वाघाचाच विषय दिला. निम्म्या वहीत 'आमच्या गावात वाघ सोडणाऱ्यांवर कारवाई करावी' असं आलं. आम्ही ते वाचलं आणि एकेका वाक्याला विचारलं, याचं उत्तर साहेब 'नाही' एवढंच देऊ शकेल का? ज्याला देता येईल ते वाक्य खोडलं. शेवटी उरलं ते असं : नाल्याजवळच्या वळणावर दोन दिवे, शाळेच्या वाटेवरची झुडपं तोडणे, संध्याकाळची बस अर्धा तास आधी. खाली तारीख, गाव, सही. अर्ज तलाठी कार्यालयात द्यायचा की ग्रामपंचायतीत की वनखात्याच्या कचेरीत, यावर वर्गात बराच वाद झाला. तो वाद मी मोडला नाही.